विशेष लेख : डेस्कटॉप प्रोसेसर घ्यावा की सर्व्हर प्रोसेसर?

जबलपूर : येथील मढाताल भागातील जयंती कॉम्प्लेक्स ही महाकोशलातील संगणक खरेदीची परिचित बाजारपेठ आहे. वकिलांची कार्यालये, शिकवणी वर्ग, निदान केंद्रे, छापखाने आणि लहान कारखाने यांची संगणकाची गरज बहुधा येथील गाळ्यांतूनच भागते. 'कार्यालयासाठी एकच मजबूत यंत्र घ्यायचे आहे. सर्व्हर घ्यावा की भारी डेस्कटॉप?' हा प्रश्न येथे जसा विचारला जातो, तसाच तो नागपूरच्या सीताबर्डीत आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरही विचारला जातो. विचारणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा एक समजूत पक्की झालेली असते. सर्व्हरचा प्रोसेसर महाग असतो, म्हणून तो अधिक वेगवान असणार, असे त्याला वाटत असते. ही समजूत चुकीची आहे आणि तिच्यापायी दोन्ही बाजूंनी नुकसान होते. कोणी गरज नसताना सर्व्हर विकत घेऊन वीज आणि थंडाव्यावर पैसा घालवतो, तर कोणी रुग्णांच्या किंवा अशिलांच्या नोंदी अशा यंत्रावर ठेवतो की ज्यातील चूक कोणाच्या कधी ध्यानातच येणार नाही.

एकाच घराण्यातील दोन भावंडे

डेस्कटॉप आणि सर्व्हर या दोन जाती मुळात वेगळ्या नव्हत्या. इंटेलने नोव्हेंबर १९९५ मध्ये बाजारात आणलेला पेंटियम प्रो हा प्रोसेसर प्रामुख्याने सर्व्हर आणि वर्कस्टेशनमध्ये वापरला गेला. त्याच्याच रचनेवर पुढे घरगुती पेंटियम टू बेतला गेला. जून १९९८ मध्ये त्याच पेंटियम टूला 'झिऑन' हे उपनाव मिळाले आणि सर्व्हरसाठी वेगळे नाव, वेगळी किंमत अशी विभागणी रूढ झाली. एएमडी या कंपनीनेही एप्रिल २००३ मध्ये ऑप्टेरॉन आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अथलॉन ६४ असे एकाच रचनेचे दोन प्रोसेसर काढले.

२०१७ मधील उदाहरण तर अधिक बोलके आहे. त्या वर्षी आलेला घरगुती रायझेन आणि सर्व्हरसाठीचा एपिक हे दोन्ही प्रोसेसर सिलिकॉनच्या एकाच प्रकारच्या तुकड्यापासून बनवले होते. रायझेनमध्ये असा एक तुकडा बसवला जाई, एपिकमध्ये चार. म्हणजे गणित करणारा मूळ भाग एकच होता. बदलत होती ती त्याच्या भोवतीची व्यवस्था. आजही चित्र फारसे वेगळे नाही. म्हणून निवड करताना 'आत काय आहे' यापेक्षा 'भोवती काय आहे' हे पाहणे अधिक उपयोगाचे ठरते.

न्यायपीठे वाढली म्हणून

आधी वेगाचा हिशेब पाहू. एएमडीचा २०२४ चा रायझेन ९ ९९५०एक्स हा डेस्कटॉप प्रोसेसर १६ कोअरचा आहे आणि त्याची कमाल गती ५.७ गिगाहर्ट्झ आहे. त्याच वर्षीच्या एपिक ९९६५ या सर्व्हर प्रोसेसरमध्ये १९२ कोअर आहेत, मात्र त्याची कमाल गती ३.७ गिगाहर्ट्झ आहे. बाजारात येतेवेळी पहिल्याची जाहीर किंमत ६४९ डॉलर होती, तर दुसऱ्याची १४,८१३ डॉलर. किंमत सुमारे तेवीस पट, पण प्रत्येक कोअरची गती मात्र दोन तृतीयांशाच्या आसपास.

याचा अर्थ समजण्यासाठी जबलपूरकरांना लांब जायला नको. मध्य प्रदेश उच्च न्यायालयाचे मुख्य पीठ याच शहरात आहे. (१ नोव्हेंबर १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपूर्वी हेच न्यायालय नागपूर उच्च न्यायालय म्हणून नागपुरात भरत असे, हे विदर्भातील वाचकांना ठाऊक असेल.) न्यायालयात एकाच वेळी अधिक न्यायपीठे बसली, तर दिवसभराची कार्यसूची लवकर संपते. पण तुमचा एकच खटला असेल, तर शेजारच्या दालनांत आणखी दहा न्यायपीठे बसल्याने तो दहापट लवकर निकाली निघत नाही. त्याला लागणारा वेळ त्याच्यासमोरचे न्यायमूर्ती किती त्वरेने काम करतात, यावरच अवलंबून राहतो. प्रोसेसरचा कोअर म्हणजे असे एक न्यायपीठ आहे. एकाच माणसाचे एकच काम, मग ते हिशेबाचे सॉफ्टवेअर असो, नकाशा काढणे असो किंवा मोठा तक्ता उघडणे असो, गतिमान कोअरवर लवकर होते. शेकडो माणसांची शेकडो कामे एकाच वेळी आली, तर मात्र कोअरची संख्या उपयोगी पडते.

संगणकशास्त्रज्ञ जीन अ‍ॅम्डाल यांनी १९६७ मध्ये याचे गणित मांडले. एखाद्या कामाचा दहावा हिस्सा एकामागून एक असाच करावा लागत असेल आणि उरलेला वाटून देता येत असेल, तर १६ कोअर लावून ते काम १६ पट नव्हे, सुमारे ६.४ पट लवकर होते. १९२ कोअर लावले तर सुमारे साडेनऊ पट. कोअर बारापट झाले, पण वेगात भर पडली ती दीडपटीची. वर सांगितलेल्या दोन प्रोसेसरांच्या कमाल गतीतील फरकही नेमका दीडपटीच्या घरातला आहे. सर्व कोअर एकाच वेळी कमाल गतीने चालत नाहीत, त्यामुळे हा हिशेब ढोबळ आहे. तरी अशा कामात तेवीस पट पैसे मोजून हाती फारसे काही लागत नाही, एवढे त्यावरून स्पष्ट व्हावे.

ताळा करणारी मेमरी

मग सर्व्हर प्रोसेसरसाठी जास्त पैसे का मोजायचे? या प्रश्नाचे सर्वांत महत्त्वाचे उत्तर प्रोसेसरच्या जाहिरातीत क्वचितच ठळकपणे छापलेले असते. ते उत्तर म्हणजे चूक ओळखून ती दुरुस्त करणारी मेमरी. बाजारात ती 'ईसीसी' या आद्याक्षरांनी ओळखली जाते.

जुन्या पेढीवर रोजकीर्द लिहून झाली की मुनीम बेरजेचा ताळा करीत असत. आकडे तेच असत, पण ते बरोबर उतरले आहेत की नाही, हे पाहण्याची ती वेगळी खूण असे. ईसीसी मेमरी हेच करते. माहितीच्या दर ६४ बिटांमागे किमान ८ बिटे केवळ ताळ्यासाठी राखलेली असतात. माहिती वाचताना प्रोसेसर ताळा पडताळतो. एक बीट उलटलेले असेल, तर कोणते ते ओळखून जागच्या जागी दुरुस्त करतो आणि तशी नोंद ठेवतो. दोन बिटे उलटलेली असतील, तर दुरुस्ती करता येत नाही, पण चूक झाली आहे हे कळते आणि यंत्र चुकीचे उत्तर देण्याऐवजी थांबते. या पद्धतीचे मूळ रिचर्ड हॅमिंग या गणितज्ञाने बेल प्रयोगशाळेत काम करताना १९५० मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात आहे.

साध्या मेमरीत हा ताळा नसतो. तेथे एखादे बीट उलटले तर काय होते? कधी ती जागा रिकामी असते आणि काहीच बिघडत नाही. कधी छायाचित्रातील एका ठिपक्याचा रंग बदलतो. कधी पडदा निळा होऊन संगणक बंद पडतो. माणूस वैतागतो, यंत्र पुन्हा सुरू करतो आणि विसरून जातो. खरा धोका आहे तो चौथ्या शक्यतेचा. उलटलेले बीट एखाद्या आकड्याचा भाग असते, संगणक सुरळीत चालत राहतो, तो चुकीचा आकडा डिस्कवर लिहिला जातो आणि रात्री त्याचीच प्रत बॅकअपमध्ये जाते.

ही भीती काल्पनिक नाही. बेल्जियमच्या राजधानीजवळील स्खारबेक येथे १८ मे २००३ च्या निवडणुकीत इलेक्ट्रॉनिक मतमोजणीत एका उमेदवाराला शक्य नव्हती इतकी मते पडलेली दिसली. फेरमोजणी केली तेव्हा जादा मतांचा आकडा निघाला नेमका ४,०९६. दोनचा बारावा घात तेवढाच असतो. म्हणजे द्विमान पद्धतीने लिहिलेल्या संख्येतील तेरावे बीट शून्याचे एक झाले, तर संख्येत नेमकी एवढीच भर पडते. तज्ज्ञांना सॉफ्टवेअरमध्ये दोष सापडला नाही आणि बीट आपोआप उलटले असावे, असा निष्कर्ष काढावा लागला. अवकाशातून येणाऱ्या कणांमुळे असे घडू शकते, म्हणून या प्रकरणात त्यांच्याकडेही बोट दाखवले जाते. येथे चूक पकडली गेली, कारण आकडा अशक्य होता. तो केवळ थोडा चुकीचा असता, तर?

अशा चुका किती वेळा होतात, याचा मोठा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. गूगलच्या यंत्रांवर सुमारे अडीच वर्षे गोळा केलेल्या नोंदींवर तो आधारलेला होता. त्यात असे आढळले की वर्षभरात सुमारे एक तृतीयांश यंत्रांत मेमरीची किमान एक चूक दुरुस्त करावी लागली आणि आठ टक्क्यांहून अधिक मेमरीपट्ट्यांत अशा चुका झाल्या. तापमानाचा परिणाम अपेक्षेपेक्षा कमी दिसला, पण पट्टी जुनी होत गेली तशा चुका वाढल्या. ज्या पट्टीत एकदा चूक झाली, तिच्यात ती पुन्हा होण्याची शक्यताही बरीच अधिक होती. म्हणजे ईसीसीचा उपयोग केवळ दुरुस्तीपुरता नाही. कोणती पट्टी खराब होत चालली आहे, याची आगाऊ सूचनाही तिच्यातून मिळते.

याच बाबतीत अमेरिकेतील व्हर्जिनिया टेक विद्यापीठाचा अनुभव बोलका आहे. २००३ मध्ये या विद्यापीठाने अ‍ॅपलचे १,१०० पॉवर मॅक जी५ हे डेस्कटॉप संगणक एकत्र जोडून 'सिस्टिम एक्स' नावाचा महासंगणक उभारला. त्याचा वेग १०.२८ टेराफ्लॉप्स भरला आणि नोव्हेंबर २००३ च्या जागतिक यादीत त्याला तिसरा क्रमांक मिळाला. तुलनेने अल्प खर्चात झालेला हा पराक्रम जगभर गाजला. पण त्या डेस्कटॉप संगणकांत ईसीसी मेमरीची सोय नव्हती. हजारभर यंत्रे दिवसेंदिवस एकच गणित करीत असताना कुठल्या तरी एकात बीट उलटले, तर संपूर्ण उत्तरावर विश्वास कसा ठेवायचा? पुढच्याच वर्षी विद्यापीठाने ती सर्व यंत्रे काढून त्यांच्या जागी ईसीसी मेमरी असलेले एक्ससर्व्ह जी५ हे सर्व्हर बसवले. प्रोसेसर त्याच घराण्याचा होता. बदल हवा होता तो ताळ्यासाठी.

लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी जानेवारी २०२१ मध्ये इंटेलवर उघड टीका केली होती. घरगुती प्रोसेसरमधून ईसीसी वगळून कंपनीने सामान्य ग्राहकाचे नुकसान केले, असा त्यांचा आक्षेप होता. पुढे ऑक्टोबर २०२२ मध्ये त्यांच्या स्वतःच्या यंत्रातील मेमरीपट्टी बिघडली आणि कामाच्या ऐन गर्दीत त्यांचा खोळंबा झाला. त्या यंत्रात ईसीसी मेमरी नव्हती.

येथे ग्राहकाने एका शब्दच्छलापासून सावध राहायला हवे. आताच्या प्रत्येक डीडीआर५ मेमरीत चिपच्या आतल्या आत चालणारी एक दुरुस्तीव्यवस्था असते आणि विक्रेते तिलाही ईसीसी म्हणतात. ती चिपमधील दोष झाकते. पण चिपपासून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेवर झालेली चूक तिला दिसत नाही आणि ती यंत्रचालकाला काही कळवतही नाही. पूर्ण ईसीसीची जागा ती घेऊ शकत नाही.

रुंद रस्ते आणि चोवीस तासांचे काम

दुसरा फरक रस्त्यांचा. डेस्कटॉप प्रोसेसरपासून मेमरीपर्यंत साधारणतः दोन मार्गिका असतात. ५६०० च्या डीडीआर५ मेमरीवर त्यांतून सेकंदाला जास्तीत जास्त ८९.६ गिगाबाइट माहिती जाऊ शकते. एपिक ९९६५ ला अशा बारा मार्गिका आहेत आणि ६००० च्या मेमरीवर हा आकडा ५७६ गिगाबाइट होतो. ग्राफिक्स कार्डे, डिस्क आणि नेटवर्क कार्डे जोडण्यासाठी रायझेन ९ मध्ये २८ पीसीआय एक्स्प्रेस लेन आहेत, तर एपिकमध्ये १२८. हवामानाचे प्रारूप, कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी चार-आठ ग्राफिक्स कार्डे किंवा डझनावारी डिस्क जोडायच्या असतील, तर डेस्कटॉप प्रोसेसर कितीही गतिमान असला तरी तेथे अडतो. सप्टेंबर २०२४ मध्ये पुणे, दिल्ली आणि कोलकाता येथे राष्ट्रार्पण झालेले परम रुद्र महासंगणक सर्व्हरवर उभारलेले आहेत, यामागे हेही एक कारण आहे. पुण्यातील परम रुद्र खोडद येथील महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या संशोधनासाठी आहे आणि अशा दुर्बिणीतून येणाऱ्या माहितीचा लोंढा दोन मार्गिकांत मावणारा नसतो.

तिसरा फरक अखंड कामाचा. मध्य प्रदेशचे राज्य भार प्रेषण केंद्र जबलपूरलाच आहे. राज्यात कुठे किती वीज लागते आहे आणि कुठून किती येते आहे, यावर तेथून चोवीस तास लक्ष ठेवले जाते. अशा ठिकाणी 'संगणक बंद पडला, पुन्हा सुरू करतो' हे उत्तर चालत नाही. सर्व्हरमध्ये दोन स्वतंत्र वीजपुरवठे बसवता येतात. एक जळाला तरी दुसऱ्यावर यंत्र चालते. यंत्र बंद असतानाही दूरवरून त्याची तपासणी करता यावी म्हणून मदरबोर्डवर वेगळा लहान नियंत्रक असतो. चालू यंत्रातून डिस्क काढून नवी घालता येते. या साऱ्या गोष्टी प्रोसेसरच्या नव्हेत, यंत्राच्या आहेत. पण सर्व्हर प्रोसेसर घेतला की त्या सहसा सोबत येतात, आणि किंमतही त्यांची अधिक असते.

या सोयींची दुसरी बाजूही आहे. बहुतेक सर्व्हर आत येणारी हवा ३५ अंश सेल्सियसपर्यंत असेल, असे गृहीत धरून बनवलेले असतात. मे महिन्यात जबलपूरचा पारा चाळिशीपार जातो, तेव्हा जिन्याखालच्या कोनाड्यात वातानुकूलनाशिवाय ठेवलेला सर्व्हर या मर्यादेबाहेर काम करीत असतो. चपट्या सर्व्हरमधील छोटे पंखे इतका आवाज करतात की त्या खोलीत बसून काम करणे कठीण व्हावे. विजेचाही हिशेब करावा. सर्व्हर आणि डेस्कटॉप यांच्या वापरात केवळ १०० वॉटचा फरक असला, तरी चोवीस तास चालणाऱ्या यंत्रावर वर्षाला ८७६ युनिट जादा लागतात. युनिटला आठ रुपये धरले, तर ही रक्कम सात हजारांवर जाते आणि खोली थंड ठेवण्याचा खर्च वेगळाच.

परवान्याचा हिशेब आणि जुन्या यंत्रांचा मोह

अनेकदा अडचण प्रोसेसरमुळे नसून सॉफ्टवेअरच्या परवान्यामुळे येते. विंडोज ११ च्या परवान्यानुसार एका संगणकावरील सामायिक सुविधा जास्तीत जास्त २० उपकरणांना वापरता येतात. कार्यालयात तीस जण एकाच फोल्डरमध्ये काम करू पाहत असतील, तर प्रोसेसर बदलून उपयोग नाही. सर्व्हरसाठीची कार्यप्रणाली लागेल. आणि विंडोज सर्व्हरचा परवाना कोअरच्या संख्येवर आकारला जातो, एका यंत्रामागे किमान १६ कोअरचा. म्हणजे गरजेपेक्षा जास्त कोअर घेतले, तर त्यांचा भुर्दंड परवान्यातही बसतो. लिनक्स वापरणाऱ्यांना ही चिंता नाही.

बाजारात सर्वाधिक मोह असतो तो वापरलेल्या सर्व्हरचा. मोठ्या कंपन्यांनी मोडीत काढलेले आठ-दहा वर्षांपूर्वीचे झिऑन ई५ मालिकेतील प्रोसेसर स्वस्तात मिळतात. १४ कोअरचा ई५-२६८० व्ही४ हे त्यांतले नेहमीचे नाव. '१४ कोअर आणि ६४ जीबी रॅम' हे शब्द ऐकून ग्राहक हरखतो. परंतु हा प्रोसेसर २०१६ चा आहे, त्याची कमाल गती ३.३ गिगाहर्ट्झ आणि उष्णतेची मर्यादा १२० वॉट आहे. आजचा दहा कोअरचा मध्यम किमतीचा डेस्कटॉप प्रोसेसर बहुतेक कार्यालयीन कामांत त्याला सहज मागे टाकतो. विंडोज ११ च्या मान्य प्रोसेसरांच्या यादीत तो नाही आणि विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. शिवाय अशा यंत्रातील 'रजिस्टर्ड' मेमरी साध्या डेस्कटॉपमध्ये चालत नाही. लिनक्स जाणणारा विद्यार्थी प्रयोगासाठी असे यंत्र घेईल, तर त्याला त्यातून पुष्कळ शिकता येईल. पण ज्या दवाखान्यात संगणक दुरुस्त करणारा माणूस महिन्यातून एकदा येतो, तेथे सुटे भाग दुर्मीळ झालेले दहा वर्षांचे यंत्र एकमेव आधार म्हणून ठेवणे धाडसाचे आहे.

मधली वाट

सुदैवाने आता या दोन टोकांच्या मधली वाट मळलेली आहे. एएमडीने मे २०२४ मध्ये एपिक ४००४ ही मालिका आणली. ४ ते १६ कोअरचे हे प्रोसेसर रायझेनच्याच सॉकेटमध्ये बसतात, पण ईसीसी मेमरीसह तपासून प्रमाणित केलेले आहेत. इंटेलची झिऑन ई-२४०० ही मालिका अशीच लहान सर्व्हरसाठी आहे. इंटेलच्या बाराव्या पिढीपासूनचे बरेच कोअर प्रोसेसर डब्ल्यू६८० चिपसेटचा मदरबोर्ड घेतल्यास ईसीसी मेमरी चालवतात. अनेक रायझेन प्रोसेसरही ती चालवतात, मात्र मदरबोर्डच्या निर्मात्याने तशी सोय दिलेली असावी लागते. म्हणजे डेस्कटॉपचा वेग, डेस्कटॉपच्या आसपासची किंमत आणि सर्व्हरचा ताळा एकाच पेटीत मिळू शकतो. लहान संस्थांसाठी हीच निवड बहुतेक वेळा सर्वांत शहाणपणाची आहे, आणि दुकानदाराने आपणहून ती सुचवण्याची शक्यता सर्वांत कमी आहे.

काही प्रातिनिधिक गरजा पाहू. जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालयासारख्या संस्थेत सोयाबीनच्या चाचण्यांचे संख्याशास्त्रीय विश्लेषण करणाऱ्या एखाद्या संशोधकाला स्वतःच्या टेबलावर गतिमान डेस्कटॉप प्रोसेसरच हवा. त्याचे काम एकट्याचे आहे आणि गणित पुन्हा करून पाहता येते. गणित रात्रंदिवस चालणारे असेल, तर त्यात ईसीसीची भर घालावी. जबलपूर अभियांत्रिकी महाविद्यालय किंवा भारतीय माहिती तंत्रज्ञान, अभिकल्पन व निर्मिती संस्था अशा ठिकाणी साठ विद्यार्थी एकाच यंत्रावर स्वतंत्र आभासी संगणक चालवणार असतील, तर तेथे कोअरची संख्या आणि मेमरीच्या मार्गिका यांना खरा अर्थ आहे. तेथे सर्व्हर प्रोसेसर योग्य.

वकिलाच्या कार्यालयात पाच-सहा संगणक एका ठिकाणी कागदपत्रे ठेवतात. तेथे प्रोसेसरवर भार नगण्यच असतो. चार कोअर पुरे, पण मेमरी ईसीसी असावी आणि उरलेल्या पैशांतून यूपीएस व दुसऱ्या इमारतीत ठेवलेला बॅकअप घ्यावा. निदान केंद्राचे उदाहरण थोडे कठीण आहे. तेथे रक्ततपासणीची यंत्रे थेट संगणकाला आकडे पाठवतात, ते आकडे माणूस दरवेळी पडताळत नाही आणि त्यांवर औषधाची मात्रा ठरते. अशा ठिकाणी ताळा नसलेल्या मेमरीवर नोंदी ठेवणे हे कुठल्याही काटकसरीत बसत नाही. पण म्हणून १९२ कोअरही नकोत. लहान सर्व्हर प्रोसेसरची दोन सारखी यंत्रे, एक चालू आणि एक तयारीत, ही मांडणी एका बलाढ्य यंत्रापेक्षा अधिक भरवशाची आहे. गूगलने २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात आपला शोध पंधरा हजारांहून अधिक साध्या संगणकांवर चालतो, असे सांगितले होते. एक बंद पडला की त्याचे काम दुसरा उचलत असे. कार्यालयात एकच यंत्र असते, तेव्हा ते काम उचलायला दुसरे कोणी नसते.

खरेदीच्या वेळी प्रोसेसर, मदरबोर्ड आणि मेमरी या तिन्हींचे पूर्ण क्रमांक जीएसटीच्या बिलावर लिहून घ्यावेत. नुसते 'सर्व्हर रॅम' असे लिहिलेले बिल पुढे उपयोगी पडत नाही. यंत्र जोडून झाल्यावर ईसीसी खरोखर सुरू आहे का, हेही दुकानातच पाहता येते. लिनक्सवर किंवा यंत्राची माहिती देणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये मेमरीच्या दोन रुंदी दिसतात, एक माहितीची आणि एक एकूण. दोन्ही ६४ दिसल्या, तर बिलावर काहीही लिहिलेले असले तरी ताळ्याची बिटे तेथे नाहीत. एकूण रुंदी डीडीआर४ मध्ये ७२ आणि डीडीआर५ मध्ये ७२ किंवा ८० दिसायला हवी. तेवढ्यावर मात्र थांबू नये. मदरबोर्डने तो ताळा चालू केलेला असतोच असे नाही, म्हणून त्याच सॉफ्टवेअरमधील 'त्रुटी दुरुस्ती' या नोंदीपुढे काय लिहिले आहे, तेही पाहूनच पैसे द्यावेत.